स्थळ, वस्तु आणि कागद : वाई-सातारा प्रांतांतील कांहीं निरीक्षणें

इतिहासाचें साधन म्हटलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें कागद उभा राहतो, आणि तें योग्यहि आहे. परंतु कागदाप्रमाणें स्थळ आणि वस्तु हींहि साक्षीदारच होत. या तिहींची साक्ष एकमेकींशीं ताडून पाहिल्यावांचून निकाल देणें धोक्याचें असतें. सातारा, जावळी, वाई व औंध या डोंगरी मुलखांतील संग्रहालयें व स्थळें पाहतांना हा विचार आम्हांस पदोपदीं सुचला. तो वाचकांपुढें ठेवावा एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

प्रथम वस्तूची साक्ष घेऊं. लंडन येथील व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें उसनवार आणून इ. स. २०२४ च्या जुलैपासून साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत मांडण्यांत आलीं होतीं. त्यांच्या पेटीवर इंग्रजी लेख आहे. त्याचा आशय असा कीं, शिवाजीनें ज्यानें मोगल सेनापतीस मारिलें तेंच हें हत्यार असून, जेम्स ग्रांट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां त्यांस तें पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळालें. आतां हा लेख कसोटीस लावून पाहूं. अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. त्याचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झाला, आणि डफची साताऱ्यावरील नेमणूक १८१८ सालची. म्हणजे मध्यें जवळजवळ १५९ वर्षांचा काळ जातो. एवढ्या काळांत हें हत्यार कोणाकडून कोणाकडे गेलें याविषयीं पेटीवरील लेख मुग्ध आहे. शिवाय १८१८ सालींच पेशवाई बुडाली, तेव्हां देणाराचा हुद्दाहि विचार करावयास लावणारा आहे. हें तेंच वाघनख असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं, असें खुद्द त्या संग्रहालयानेंहि सांगितलें आहे. यावरून तें खोटें ठरतें असें नव्हे. तें सिद्ध होत नाहीं, इतकेंच ठरतें. भक्ति आणि प्रमाण यांची गल्लत न करणें हेंच महाराजांच्या चरित्राविषयींच्या खऱ्या आदराचें लक्षण होय असें आम्हांस वाटतें.

याच प्रसंगाची स्थळानें दिलेली साक्ष मात्र निःसंदिग्ध आहे. वाई हें खानाच्या छावणीचें ठिकाण. तेथून महाबळेश्वरचा माथा चढून रडतोंडीच्या घाटानें पुन्हां कोयनेच्या खोऱ्यांत पार गांवीं उतरलें म्हणजे प्रतापगड समोर येतो. १६५६ सालीं जावळी हस्तगत झाल्यावर मोरोपंत पिंगळे यांनीं हा गड बांधिला. आज आंबेनळी घाटाची सडक झाली असली तरी गडाच्या बुरुजावर उभें राहून चहूंकडे पाहावें. ज्या सैन्याचें बळ उघड्या मैदानांत, त्याला या खोऱ्यांत उतरविणें म्हणजे अर्धी लढाई जिंकणेंच होतें, हें कोणत्याहि बखरीवांचून ध्यानांत येतें. हत्याराच्या खरेपणाविषयीं शंका उरली तरी या डोंगरांच्या साक्षीविषयीं उरत नाहीं.

आतां वाईजवळच्या मेणवलीकडे वळूं. कृष्णेच्या कांठीं नाना फडणीसांनीं बांधलेला वाडा, घाट आणि मेणेश्वराचें देऊळ पाहण्यासारखीं आहेत. घाटाशेजारीं एक मोठी घंटा टांगलेली असून तिच्यावर बालक येशूसह मेरीची आकृति आहे. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई-विजयानंतर ती इकडे आली असें सांगतात. ती ख्रिस्ती देवळांतील आहे हें तिच्या अंगावरील आकृतीच सांगते. पण कोणत्या देवळांतून आली, कोणीं आणिली व येथें केव्हां टांगिली, या प्रश्नांस घंटा उत्तर देत नाहीं. तेथें कागदच पाहिजे.

आणि मेणवलीचा कागद मेणवलीस नाहीं. नानांचें खासगी दप्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं मिळविलें. त्यांच्या जन्मभरच्या संग्रहासाठीं १९२५ सालीं साताऱ्यास ऐतिहासिक संग्रहालय उभें राहिलें. पुढच्याच वर्षीं पारसनीस वारले, आणि १९३९ सालीं तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत नेण्यांत आला. तेथें दप्तर सुरक्षित राहिलें व अभ्यासकांस उपयोगी पडलें, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. वाड्यांतील वाळवी व पावसाळ्यांतील ओल यांपुढें तें किती टिकलें असतें, हा विचारहि मनांत येतोच. तथापि ज्या वाड्याच्या नांवानें तें दप्तर ओळखलें जातें, तेथें येणारास त्याचें एक पानहि पाहावयास न मिळावें, ही उणीव खरीच.

खेड्यांत संग्रहालय टिकत नाहीं असा आक्षेप कोणी घेईल. त्यास औंध हें उत्तर आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं यमाईच्या डोंगरावर बांधिलेलें श्रीभवानी संग्रहालय १९३८ सालीं खुलें झालें. साताऱ्याचा संग्रह पुण्यास गेला त्याच्या आदल्याच वर्षीं. राजा रविवर्म्याचीं चित्रें आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता व बालक यांची पाषाणमूर्ति आजहि तो डोंगर चढून पाहावी लागते. संस्थान विलीन झालें, पण संग्रह हलला नाहीं. अर्थात् तेथें संस्थानिकाची रसिकता आणि पुढें सरकारचा आश्रय होता. प्रत्येक गांवीं तो योग यावयाचा नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. वस्तु जुनी आणि स्थळ असुरक्षित असेल तर ती हलवावी. परंतु हलविण्यापूर्वीं ती कोठें, कोणत्या दिशेस, कोणाच्या ताब्यांत होती, हें जागेवरच लिहून घ्यावें व छायाचित्र काढावें. दप्तर शहरांत राहो, पण त्यांतील निवडक कागदांच्या स्वच्छ प्रती मूळ गांवीं लावाव्या. आज नकला करणें सुलभ झालें आहे, तेव्हां ही सबब उरलेली नाहीं. वेशीवरचा वीरगळ किंवा देवळांतील शिलालेख यांवर तैलरंग चढण्यापूर्वीं त्यांचे ठसे गांवच्या शाळामास्तरांनींहि घेण्यासारखे आहेत.

वाघनखाच्या बाबतींत १५९ वर्षांची सांखळी आज जुळत नाहीं, कारण ती वेळींच कोणीं लिहून ठेविली असल्याचें दिसत नाहीं. आपल्या हातून जाणाऱ्या वस्तूंविषयीं पुढील पिढीस असेंच म्हणावें लागूं नये, एवढी खबरदारी घेणें आपल्या हातीं आहे.