उबेची बाजू

१८४५ साली पिंगयाओला उतरायचं असेल तर सगळ्यात आधी न्हावी गाठा. कपाळापासून टाळूपर्यंत डोकं तुळतुळीत आणि मागच्या केसांची लांब वेणी, असा छिंग दरबाराचा पुरुषांना हुकूम आहे. वेणी नसलेला माणूस एकतर भिक्षू, नाहीतर बंडखोर. त्याच साली पुण्यातून निघाला असतात तर अर्धं काम घरीच झालं असतं. घेरा होताच, शेंडी लांबवायची एवढंच. पण तुम्ही निघालाय आजच्या मुंबईतून, तेव्हा टोपीला आतून उसनी वेणी शिवून घ्या. पौषातली थंडी आहे. टोपी काढा असं कोणी म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे, तुमचं तिथे असणंच बेकायदा आहे. तीन वर्षांपूर्वी अफूचं युद्ध हरल्यावर चीनने नानजिंगच्या तहात पाच बंदरं इंग्रजांना उघडून दिली, पण ती सगळी किनाऱ्याकडची. पिंगयाओचा शान्शी प्रांत तिथून कितीतरी आत, डोंगरांच्या आड. म्हणून कुठून आलात असं कोणी विचारलं तर "पश्चिमेकडून" म्हणा आणि गप्प बसा. पश्चिमेला वाळवंट आहे, तुर्की बोलणारे व्यापारी आहेत, तिबेटी लामा आहेत. त्या एका शब्दात बरंच काही मावतं. शिवाय ते खोटंही नाही.

तुम्ही खेचरांच्या गाडीतून येताय आणि पाठीचा प्रत्येक मणका तुम्हाला स्वतंत्रपणे जाणवतोय. वाट जमिनीवरून जात नाही, जमिनीच्या आतून जाते. इकडची माती म्हणजे वाऱ्याने युगानुयुगं आणून टाकलेली पिवळी धूळ. तिच्यावरून शतकानुशतकं चाकं फिरली, पाऊस वाहिला आणि रस्ता खाली खाली गेला. दोन्ही बाजूंना मातीच्या उभ्या भिंती, वर आभाळाची एक पट्टी. समोरून दुसरी गाडी आली तर कोणीतरी मागे जायला हवं, म्हणून गाडीवान आधीच लांबून ओरडत राहतो. मग वाट वर चढते, नांगरून पडलेली सपाट शेतं लागतात आणि त्यांच्या टोकाला तट दिसतो.

गडकिल्ले पाहिलेल्या माणसाला पहिल्यांदा काय खटकेल, तर डोंगर नाही. सपाटीवर, कसलाही आधार न घेता, सुमारे सहा किलोमीटर घेराचा आणि बारा मीटरच्या आसपास उंच तट उभा आहे. १३७० मध्ये, मिंग राजवटीच्या सुरुवातीला, तो या रूपात बांधला गेला. पोटात धुम्मस केलेली माती, अंगावर करडी वीट. चर्या तीन हजार आणि टेहळणीचे मनोरे बहात्तर, कारण कन्फ्यूशियसचे शिष्य तीन हजार आणि त्यांतले पारंगत बहात्तर. गाडीवानाला या हिशेबात रस नाही. तो सांगतो, हे शहर म्हणजे कासव. दक्षिणेचा दरवाजा तोंड, उत्तरेचा शेपूट, पूर्व-पश्चिमेचे दोन-दोन दरवाजे पाय, आणि दक्षिण दरवाजाबाहेरच्या दोन विहिरी डोळे. कासवाने उठून चालायला लागू नये म्हणून त्याचा पूर्वेकडचा एक पाय लांबच्या एका मनोऱ्याला बांधून ठेवलाय. दोरी कुठे दिसत नाही, असं म्हणू नका. गावात हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दरवाजातून आत शिरताना गाडी एकदम सरळ होते, रुळावर चढल्यासारखी. खाली वाकून बघा. फरसबंदीच्या दगडात चाकांनी चार बोटं खोल चर पाडलेत. ही खरी चाकोरी. आपण हा शब्द आता कंटाळवाण्या आयुष्याला नावं ठेवायलाच वापरतो, पण इथे तिच्या खोलीवरून गावाचा व्यापार मोजता येतो.

आधी पोटाचं बघा. पिंगयाओचं खारवलेलं गोमांस नावाजलेलं आहे. चालत नसेल तर "बुद्धाचं व्रत आहे" म्हणा, कोणी आग्रह करणार नाही. त्याऐवजी ओटच्या पिठाच्या गुंडाळ्या मागवा. बाई पिठाची गोळी गुळगुळीत दगडावर तळहाताने पुढे ढकलते, कागदासारखी जीभ निघते, ती बोटाभोवती गुंडाळून उभी करते. शेजारी दुसरी, तिसरी. वाफवण्याची टोपली भरली की थेट मधमाश्यांचं पोळं. आणि त्यावर सिरका. शान्शीचा माणूस सिरक्याशिवाय जेवत नाही. काळा, मुरलेला, वासानेच डोळ्यांत पाणी आणणारा. तो ज्वारीचा असतो. हो, आपलीच ज्वारी. तिची भाकरी मात्र इथे शोधू नका. तिचा सिरका होतो आणि शेजारच्या फेनयांगमध्ये अशी जळजळीत दारू होते, की तिच्यापुढे आपली मोहाची सरबत वाटावी.

आता पश्चिमेच्या पेठेत चला. ज्याच्यासाठी आलात ते दुकान बाहेरून पाहून निराश व्हाल. सोनेरी अक्षरांची पाटी, करड्या विटांचं अरुंद तोंड, बस. नाव रशंगछांग. 'उगवता सूर्य, वाढती बरकत' असा काहीतरी अर्थ. आधी इथे रंगांची पेढी होती. तिची शाखा बीजिंगमध्ये होती, आणि तिथे राहणारे शान्शीचे लोक घरी पैसे पाठवायचे तर पेढीच्या व्यवस्थापकाला म्हणायचे, इथे तुमच्याकडे चांदी भरतो, तिकडे गावात आमच्या माणसांना द्या. चांदी गाडीत घालून, भालेवाले सोबतीला देऊन, डोंगरांतून न्यायची म्हणजे खर्चही आणि जिवाला घोरही. लेई ल्यूताई नावाच्या त्या व्यवस्थापकाला कळलं की रंगापेक्षा ही उपकाराची कामं जास्त मोलाची आहेत. १८२३च्या सुमाराला त्याने मालकाला पटवून रंग बंद केला आणि नुसता पैसा पाठवण्याचा धंदा सुरू केला. आज तो सत्तरी ओलांडलेला म्हातारा आहे. मागच्या चौकात सावकाश चालणारा एखादा वृद्ध दिसला तर तोच असेल असं समजायला हरकत नाही.

तुम्हाला यात नवल वाटणार नाही. ही हुंडी आहे. पुण्याच्या सावकाराने काशीवर हुंडी लिहावी, यात्रेकरूने ती तिथे वटवावी, हे आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासूनचं. गल्ल्यावरचा माणूस चांदी तोलतो तेव्हा तर अगदी घरच्यासारखं वाटेल, कारण इथे प्रत्येक शहराचा तराजू वेगळा. बीजिंगचं वजन पिंगयाओला चालत नाही. चांदवडी रुपया, अंकुशी रुपया, ज्याचा त्याचा बट्टा, हे ज्यांनी भोगलं त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पेढीने आपलं स्वतःचं वजन ठरवलंय आणि सगळ्यांचे तराजू त्याच्याशी लावून ठेवलेत. नफ्याचा बराचसा भाग त्या फरकातच आहे.

पण कागद नीट पाहायला मागा. उजेडाकडे धरलात तर त्याच्या अंगात पेढीचं नाव दिसतं. लिहिलेलं नाही, कागद बनवतानाच उमटवलेलं. हुंडी लिहायला माणूस ठरलेला, त्याचं अक्षर सगळ्या शाखांच्या ओळखीचं. आणि आकडे कुठेच नाहीत. महिन्याच्या जागी एक अक्षर, दिवसाच्या जागी एक, रकमेच्या जागी आणखी काही. बारा अक्षरांचं एक वाक्य, प्रत्येक अक्षर एक महिना. वाक्याचा अर्थ साधारण असा की खोट्या हुंडीपासून सावध राहा आणि शिक्का निरखून पाहा. चोराच्या हाती कागद पडला तर त्याला त्यात महिन्याऐवजी उपदेशाचा तुकडा मिळतो. ही किल्ली अधूनमधून बदलतात. ती पेढीतल्या पोरांच्या डोक्यात असते, आणि पोरं सगळी याच मुलखातली, जामिनावर घेतलेली. दूरच्या शाखेत पाठवलं की तीन वर्षं घरी यायचं नाही, बायकोला न्यायचं नाही. विश्वासाची इमारत बाहेरून सुंदर दिसते. तिच्या पायात घरोघरच्या बायकांची तीन-तीन वर्षं आहेत, हे पेढीच्या कुठल्या खतावणीत सापडायचं नाही.

अंधार पडायच्या आत सराय गाठा. वेशी बंद होतात, पहारेकरी लाकडी टिपऱ्या वाजवत फिरायला लागतो. रात्रीचे पाच प्रहर तो असे वाजवून मोजेल. पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर जशी चिडीचूप व्हायची, तशीच इथे होते.

सरायीच्या चौकात खेचरं, शेण, गोठलेलं पाणी. मालक आधी नोंदवही पुढे करतो: नाव, गाव, धंदा, कुठून, कुठे. ही वही कचेरीत दाखवावी लागते, त्याला इलाज नाही. तुम्ही सांगता, तो लिहितो, 'पश्चिमेकडून'. अंथरूण मागू नका. अंथरूण प्रवाशाने आपलं आपण आणायचं. खोली म्हणजे भिंतभर पसरलेला एकच विटांचा ओटा, गुडघ्याच्या वर, त्यावर बोरूची चटई. त्याला कांग म्हणतात. एका टोकाला चूल. तिचा धूर सरळ बाहेर जात नाही, ओट्याच्या पोटातून वळसे घेत दुसऱ्या टोकाच्या धुराड्याकडे जातो. रात्रीचं जेवण ज्या लाकडावर शिजलं, त्याच लाकडाची ऊब पहाटेपर्यंत पाठीला. इतकी शहाणी व्यवस्था आपल्या हिमालयातल्या गावांनाही लाभली असती तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं.

ऊब सगळीकडे सारखी नसते. चुलीकडचं टोक गरम, धुराड्याकडचं जेमतेम कोमट. चुलीकडची बाजू घरातल्या म्हाताऱ्यांची आणि पाहुण्यांची. मालक तुमची वळकटी उचलून तिथे टाकतो. तिथे आधी पसरलेला खेचरवाला, पन्नाशीचा, मुकाट्याने पलीकडे सरकतो. तुम्ही नको म्हणता. तो हात हलवतो. "पाहुणे आहात. झोपा."

दिवा विझतो. आणि मग तो वास येतो, गोडसर, जड, करपलेल्या गुळासारखा. पलीकडच्या खोलीत कोणी व्यापारी चिलीम ओढतोय.

"पांढऱ्या सालीचा माल," खेचरवाला अंधारात म्हणतो. "दक्षिणेतून आणतात. माझा धाकटा भाऊ त्यातच गेला."

तुम्ही काही बोलत नाही. त्याला झोप येत नसावी. तो सांगतो की तांब्याची नाणी तीच आहेत, चांदी मात्र हाताला लागेनाशी झालीय. त्याच्या तरुणपणी एक ल्यांग वजनाच्या चांदीला हजारभर नाणी पडायची, आता दोन हजार. शेतकऱ्याला पीक विकून मिळतात नाणी, सारा भरायचा चांदीत. म्हणजे साऱ्याचा आकडा न बदलता सारा दुप्पट झाला. "चांदी समुद्राकडे वाहत जाते," तो म्हणतो. "आणि हे वर येतं."

पांढरी साल. पाटण्याच्या अफूचे गोळे असतात. पांढऱ्या सालीची म्हणतात ती माळव्याची, चपट्या वड्यांची. माळव्याची म्हणजे इंदूर, उज्जैन, मंदसौर. होळकर आणि शिंद्यांच्या मुलखातली खसखशीची शेतं. तिथून बैलांवर मुंबई, मुंबईहून जहाजाने चीनचा किनारा. १८३९ मध्ये लिन झशू या अधिकाऱ्याने कँटनजवळ वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली, तेव्हा त्यात माळव्याचाही माल होता. आणि याच १८४५ साली मुंबईत भायखळ्याला जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मोठं रुग्णालय सुरू होतंय. तुमचा जन्म कदाचित तिथलाच. जमशेटजींची दौलत चीनच्या व्यापारातली होती, कापूस आणि अफूची.

"पश्चिमेला कुठे गाव तुमचं?" खेचरवाला विचारतो.

"समुद्राकाठी," तुम्ही म्हणता, आणि बोलून गेल्यावर लक्षात येतं की पश्चिमेच्या वाळवंटात समुद्र नाही. त्याच्याही ते लक्षात आलं असावं. बराच वेळ काही आवाज नाही. मग टिपऱ्यांचा तिसरा प्रहर. पाठीखालच्या विटा आता चटका बसावा इतक्या गरम आहेत. तुम्ही वळकटी ओढून मधल्या बाजूला सरकता. तो जागा आहे, पण चुलीकडची मोकळी झालेली जागा घेत नाही. सकाळपर्यंत ती तशीच राहते.

रशंगछांग १९१४ मध्ये बुडाली. बाकीच्या पेढ्याही त्याच सुमाराला गेल्या आणि गावाकडे जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसाच उरला नाही, म्हणून पिंगयाओ आहे तसं राहिलं. १९९७ मध्ये ते जागतिक वारसा झालं. बीजिंगहून वेगवान रेल्वेने चारेक तासांत तुम्ही तिथे पोचता. पेढीचं संग्रहालय झालंय, तटावरून फिरता येतं. मुख्य पेठेत सेल्फीवाल्यांची एवढी गर्दी असते की जायचं तर थंडीतच जावं. आणि मोठं हॉटेल घेऊ नका. जुन्या वाड्यांच्या खानावळी-सराया झाल्यात, त्यातला एखादा घ्या: दाराच्या आत आडोशाची भिंत, अरुंद लांबट चौक, दोन्ही बाजूंची छपरं चौकाकडेच उतरणारी, कारण घराची बरकत पावसाबरोबर शेजाऱ्याकडे वाहून जाऊ नये. समोर विटांच्या कमानीची खोली आणि खिडकीखाली कांग. बऱ्याच ठिकाणी तो आता विजेवर तापतो.

गल्ल्यावरची मुलगी पासपोर्ट मागते. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे चोवीस तासांत करावी लागते, म्हणते, आणि पान उलटून जन्मस्थळ वाचते.

"मुंबई. समुद्राकाठी ना?"

"हो."

ती टाइप करते, पासपोर्ट परत देते, भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवते. "कांग किती तापवू?"