सूक्ष्मजंतूंची वीज

जीव आणि वीज यांच्या नात्याची एक खूण मानवाला पटली ती मृत बेडकाच्या पायातून. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील लुइजी गॅल्व्हानी याच्या प्रयोगांनी ती पटविली. परंतु डोळ्यांना न दिसणारे जंतूही वीज देतात, हे कळण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

१९११ साली इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी साखरेच्या द्रावणात यीस्ट वाढविले आणि प्लॅटिनमच्या साहाय्याने त्यातील विद्युद्दाब मोजला. तो सुमारे अर्ध्या व्होल्टपर्यंत होता. सेंद्रिय पदार्थांच्या विघटनाबरोबर विद्युत्शक्ती मुक्त होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचे मर्म असे की, अन्नाचे विघटन करताना जंतू त्यातील इलेक्ट्रॉन मोकळे करतो. मनुष्याच्या शरीरात ते अखेर प्राणवायूच्या हवाली होतात. चिखलात प्राणवायू नसतो. तेथील जंतूला दुसरा ग्राहक शोधावा लागतो. हा ग्राहक म्हणून विद्युत्वाहक कांडी ठेवली, तर इलेक्ट्रॉन तारेतून वाहत दुसऱ्या टोकाच्या प्राणवायूकडे जातात. हा प्रवाह म्हणजेच वीज.

१९३१ साली अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे अनेक घट एकापुढे एक जोडून ३५ व्होल्टांहून अधिक दाब मिळविला. प्रवाह मात्र अवघा २ मिलिअँपिअर; म्हणजे शक्ती एका वॅटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी!

अडचण होती जंतूच्या आवरणाची. इलेक्ट्रॉन बाहेर आणण्यासाठी रंगद्रव्यांची मध्यस्थी घ्यावी लागे. १९८० नंतरच्या दशकात लंडनमध्ये पीटर बेनेटो यांनी हाच मार्ग अभ्यासिला. पण मध्यस्थ महाग, आणि त्यांतले काही विषारी. १९९९ साली कोरियातील संशोधकांनी शेवानेला हा जंतू मध्यस्थावाचून इलेक्ट्रॉन देतो, असे दाखविले. २००२ साली डेरेक लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागरतळाच्या गाळातील जिओबॅक्टर कुळातील जंतूंविषयी तसेच सिद्ध केले.

२०१३ साली ब्रिस्टल येथे मूत्रावर चालणाऱ्या अशा घटांनी मोबाइल फोन भारित करण्यात आला. या विजेने नगरे उजळतील, असे कोणी म्हणत नाही. पण सांडपाणी शुद्ध करताना त्यात हवा खेळविण्यासाठी वीज खर्ची पडते, आणि त्याच पाण्यात वीज दडलेली आहे. पॉटर यांच्या अर्ध्या व्होल्टाचे मोल येथे आहे.