सीमेपलीकडचा पिरोस

अल्बानियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर, डोंगर थेट समुद्रात उतरतात तिथे, हिमारा नावाचं छोटं गाव आहे. समोर आयोनियन समुद्र, आणि हवा स्वच्छ असली की दक्षिणेला ग्रीसच्या कोर्फू बेटाची धूसर रेघ. आज तिथे उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड असते. पण एन्व्हर होजाच्या राजवटीत हा किनारा म्हणजे पहाऱ्यातली सरहद्द होती. सिमेंटचे बंकर, गस्त घालणारे सैनिक, आणि पोहून पलीकडे जायचा प्रयत्न केला तर गोळी. या गावात १३ ऑक्टोबर १९७१ रोजी एका ग्रीकभाषक कुटुंबात मुलगा जन्मला. सरकारी कागदावर तो पिरो धिमा. घरच्यांसाठी पिरोस दिमास.

पिरोस हे नाव या भूभागात ठेवलं जाणं साहजिकच. रोमनांना हरवूनही स्वतःचंच सैन्य गमावून बसलेला एपिरसचा राजा तो हाच, ज्याच्या नावावरून ‘पिऱ्हिक विजय’ हा शब्दप्रयोग आला. ग्रीक त्याला आपला म्हणतात, अल्बानियनही आपला म्हणतात. एपिरस मात्र विसाव्या शतकात दोन देशांत वाटला गेला. उत्तरेकडच्या तुकड्याला ग्रीक ‘उत्तर एपिरस’ म्हणतात आणि तो शब्द कानावर पडला की अल्बानियनांच्या कपाळाला आठ्या पडतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ग्रीस आणि अल्बानिया यांच्यात जाहीर झालेली युद्धस्थिती कागदोपत्री उठवली गेली ती थेट १९८७मध्ये. म्हणजे दिमास पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या घरात बोलली जाणारी भाषा ही तांत्रिकदृष्ट्या शत्रूची भाषा होती.

होजाच्या सरकारने ग्रीक अल्पसंख्याकांना मान्यता दिली होती, पण ठरावीक खेड्यांपुरती. हिमारा त्या यादीत नव्हतं. तिथल्या ग्रीक शाळा महायुद्धानंतर बंद झाल्या, १९६७मध्ये धर्मावरच बंदी आली, आणि १९७५च्या हुकुमाने ‘अयोग्य’ नावं बदलणं सक्तीचं केलं. अशा जागी ग्रीक असणं म्हणजे चार भिंतींच्या आत, हळू आवाजात जपायची गोष्ट. दुसरीकडे, सगळ्याच साम्यवादी देशांप्रमाणे अल्बानियातही अंगात ताकद असलेलं पोर सरकारी प्रशिक्षकांच्या नजरेतून सुटत नसे. अकराव्या वर्षी दिमासच्या हातात बार आला आणि किशोरवयातच तो अल्बानियाच्या संघात पोचला.

१९९०च्या डिसेंबरात तिरानातले विद्यार्थी रस्त्यावर आले आणि राजवट डगमगू लागली. १९९१च्या फेब्रुवारीत एकोणीस वर्षांचा दिमास ग्रीसमध्ये आला. त्याच महिन्याच्या २० तारखेला तिरानाच्या चौकातला होजाचा पुतळा लोकांनी दोर लावून पाडला. नंतर जे झालं त्याला स्थलांतर म्हणावं की बांध फुटणं म्हणावं, कळत नाही. डोंगरातल्या पायवाटांनी लाखो अल्बानियन ग्रीसमध्ये उतरले. शेतात, बांधकामावर, म्हाताऱ्यांच्या सेवेला ते हवे होते. पण शेजारी म्हणून नको होते. घरफोडी झाली की पहिला संशय अल्बानियनावर. पोलीस त्यांना घोळक्याने पकडून सीमेपार सोडून यायचे, आणि या मोहिमांना ग्रीक लोकांनी दिलेलं नाव होतं ‘स्कुपा’, म्हणजे झाडू.

मग दिमास कोण? वंशाने ग्रीक, म्हणून ‘ओमोगेनिस’, आपल्याच गोतातला. पण या गोतावळ्यातही एक पायरी होती. अल्बानियातून आलेल्या बहुतेक ग्रीकांना राज्याने वर्षानुवर्षं नागरिकत्व दिलंच नाही. विशेष ओळखपत्र दिलं. सीमेपलीकडे ग्रीक वस्ती टिकली पाहिजे, सगळेच इकडे आले तर ‘उत्तर एपिरस’वर बोलायला उरणार कोण, असा त्यामागचा हिशेब. नागरिकत्वाचं दार त्यांच्यासाठी खऱ्या अर्थाने उघडलं ते २००६नंतर. वेटलिफ्टरला मात्र इतकं थांबावं लागलं नाही. ऑलिंपिक दीड वर्षावर होतं.

बार्सिलोना, ३१ जुलै १९९२, ८२.५ किलो गट. वेटलिफ्टिंगचा हिशेब सोपा आहे. स्नॅचमध्ये बार एका दमात जमिनीवरून डोक्यावर न्यायचा, क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घेऊन मग वर. दोन्हींत तीन-तीन संधी, दोन्हींतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज. त्या दिवशी तिघांची बेरीज एकच भरली, ३७० किलो: दिमास, पोलंडचा क्रिस्तोफ सिमिओन आणि इब्रागिम सामादोव्ह. त्या काळच्या नियमाप्रमाणे बेरीज सारखी झाली की खेळाडूंचं शरीराचं वजन बघत. हलका तो पुढे. सामादोव्ह काही ग्रॅमनी जड होता, म्हणून तिसरा. पदक वितरणाच्या वेळी त्याने आपलं कांस्यपदक तिथेच टाकलं आणि निघून गेला. समितीने त्याला बाद केलं आणि त्या गटातलं कांस्य कोणालाच दिलं नाही. हा सामादोव्ह चेचेन होता आणि ज्या देशात वाढला तो सोव्हिएत संघ सात महिन्यांपूर्वी संपला होता. ‘संयुक्त संघ’ नावाच्या तात्पुरत्या मोळीतून, ऑलिंपिकच्या झेंड्याखाली तो खेळत होता. त्या निकालाकडे पाहताना मला नेहमी वाटतं, की एकाला त्या संध्याकाळी देश मिळाला आणि दुसऱ्याकडे पदक घेऊन जावं असा देशच उरला नव्हता.

शेवटचं वजन, २०२.५ किलो, उचलताना दिमास ओरडला होता, ‘ग्रीससाठी!’ सहा दिवसांनी अडथळ्यांच्या शर्यतीत अनपेक्षित सुवर्ण जिंकल्यावर वूला पातुलिदूही हेच म्हणाली, वर एक शिवी जोडून, आणि ते वाक्य ग्रीसमध्ये म्हणीसारखं रुजलं. वर्ष कुठलं होतं हे लक्षात ठेवायला हवं. युगोस्लाव्हिया फुटला होता, शेजारच्या नव्या देशाने ‘मॅसिडोनिया’ हे नाव घेतलं म्हणून थेसालोनिकीत फेब्रुवारीतच प्रचंड मोर्चा निघाला होता. १९८०नंतर ग्रीसला ऑलिंपिक सुवर्ण नव्हतं, आणि वेटलिफ्टिंगमधलं आधीचं सुवर्ण होतं १९०४चं. अशा वेळी सीमेपलीकडचा, दडपलेल्या गोतातला मुलगा येतो आणि जगासमोर देशाचं नाव ओरडतो. अथेन्सच्या संगमरवरी पानाथिनैको स्टेडियममध्ये अफाट गर्दीने त्याचं स्वागत झालं. ‘हिमाराचा सिंह’ ही पदवी त्याला चिकटली ती कायमची.

पुढची आठ वर्षं दिमासची. १९९३, १९९५ आणि १९९८ची जागतिक अजिंक्यपदं त्याचीच. पण त्याला खऱ्या अर्थाने पाहायचं तर अटलांटा, १९९६. स्नॅचमध्ये १८० किलोचा विश्वविक्रम, एकूण ३९२.५ किलोचा विश्वविक्रम, आणि दुसऱ्या क्रमांकावरचा जर्मनीचा मार्क हुस्टर पूर्ण १० किलो मागे. या खेळात अडीच किलोंवर आयुष्यं ठरतात, तिथे १० किलो म्हणजे शर्यतच उरत नाही. डोक्यावर बार तोलून धरलेला असताना त्याने शांतपणे मान एकीकडे वळवली, मग दुसरीकडे, जणू सभागृहात कोण कोण आलंय ते बघतोय. मस्तीच ती. पण ज्याला परवडते त्याची.

त्याच अटलांटात ६४ किलो गटात तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू आणि ग्रीसचा वालेरिओस लेओनिदिस यांची जी झुंज झाली ती या खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत थरारक लढतींपैकी एक. प्रेक्षागृहात एका बाजूला तुर्की झेंडे, दुसऱ्या बाजूला ग्रीक. नईम ३३५, लेओनिदिस ३३२.५, शेवटच्या संधीला १९० किलो लेओनिदिसला पेललं नाही. पाहणाऱ्याला वाटावं, दोन जुने वैरी देश लढताहेत. प्रत्यक्षात नईम बल्गेरियात जन्मलेला तुर्क, ज्याचं नाव तिथल्या सरकारने सक्तीने बदलून नाउम शालामानोव्ह केलं होतं आणि जो १९८६मध्ये मेलबर्नला संघातून पळाला. लेओनिदिस दक्षिण रशियात जन्मलेला, काळ्या समुद्राकाठच्या पाँटिक ग्रीकांपैकी.

आणि हे दोघेच नाहीत. ऑलिंपिक वेटलिफ्टिंगमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवणारे पहिले चार पुरुष पाहा: नईम, दिमास, काखी काखियाश्विली, हलील मुतलू. नईम आणि मुतलू बल्गेरियातले तुर्क. काखियाश्विली जॉर्जियातल्या त्सखिनवालीचा, आई ग्रीक. त्याने पहिलं सुवर्ण संयुक्त संघासाठी घेतलं आणि पुढची दोन ग्रीससाठी. दिमास अल्बानियातला. चौघांपैकी एकही, ज्या ग्रीसचं किंवा तुर्कस्तानचं राष्ट्रगीत त्याच्यासाठी वाजलं, त्या देशात जन्मलेला नव्हता. साम्राज्यं मोडताना सीमेच्या चुकीच्या बाजूला राहून गेलेल्या लोकांची ही मुलं. साम्यवादी राजवटींनी त्यांचं नाव, भाषा, धर्म काढून घेतला आणि बदल्यात अव्वल प्रशिक्षण दिलं. त्या प्रशिक्षणाचं पीक कापलं शेजारच्या ‘मातृभूमीं’नी. ग्रीस आणि तुर्कस्तान हे नव्वदच्या दशकात अचानक वेटलिफ्टिंगचे महासत्ताधीश कसे झाले, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर तितकं गोड नाही, त्याकडे येतोच. आधी सिडनी. २००० सालचं सिडनी म्हटलं की आपल्याला कर्णम मल्लेश्वरी आठवते, ६९ किलो गटातलं तिचं कांस्य, २४० किलो. भारताचं त्या ऑलिंपिकमधलं एकमेव पदक. तिच्या गटात पहिल्या दोघींची बेरीज सारखीच, २४२.५, आणि सुवर्ण शरीराच्या वजनावर ठरलं. चारच दिवसांनी ८५ किलो गटात तर तिघे सारखे: दिमास, हुस्टर आणि जॉर्जियाचा गिओर्गी असानिद्झे, प्रत्येकी ३९०. पुन्हा काटा. पुन्हा दिमास. (आता हा नियम बदलला आहे, सारखी बेरीज झाली तर जो ती आधी गाठतो तो पुढे.)

मग आलं अथेन्स, २००४. ऑलिंपिक घरी आलं होतं. ग्रीसचे धावपटू कोस्तास केन्तेरिस आणि कातेरिना थानू उद्घाटनाच्या आदल्या दिवशी उत्तेजक चाचणी चुकवून मोटारसायकल अपघाताची कहाणी सांगत इस्पितळात जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी, १३ ऑगस्टला, निळा-पांढरा झेंडा घेऊन स्टेडियममध्ये आला तो दिमास.

या झेंड्यावरून एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. ग्रीक शाळांत राष्ट्रीय दिनाच्या संचलनात झेंडा धरण्याचा मान सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा. थेसालोनिकीजवळच्या नेआ मिखानिओना या गावात २००० साली हा मान एका अल्बानियन मुलाने मिळवला. पालक आणि गावकरी खवळले. ‘अल्बानियनाच्या हातात आमचा झेंडा?’ राष्ट्राध्यक्षांनी मुलाची बाजू घेतली, तरी शेवटी मुलाने झेंडा सोडला. २००३मध्ये तोच मुलगा पुन्हा पहिला आला, पुन्हा तोच गदारोळ झाला, आणि पुन्हा त्याने माघार घेतली. त्यानंतर दहा महिन्यांनी दिमासने ऑलिंपिकमध्ये झेंडा धरला तेव्हा कोणाला काही खटकलं नाही, खटकायचं कारणही नव्हतं. पण दोघांचे आईवडील एकाच राजवटीखाली जगले होते, आणि दोघेही त्याच सीमेवरून आलेले. एकाच्या घरात ग्रीक बोलत, दुसऱ्याच्या घरात नाही.

८५ किलोची स्पर्धा २१ ऑगस्टला निकेआत झाली. पिरेअस बंदराजवळचं हे उपनगर १९२२मध्ये आशिया मायनरमधून हाकललेल्या ग्रीक निर्वासितांनी वसवलं. दिमास बत्तीस वर्षांचा, गुडघा आणि मनगट दोन्ही दुखावलेली. स्नॅच १७५, जर्क २०२.५. एकूण ३७७.५. शेवटच्या दोन्ही संधी फुकट गेल्या. असानिद्झेला सुवर्ण, बेलारूसच्या आंद्रेई रिबाकोव्हला रौप्य, दिमासला कांस्य. शेवटचा बार खाली पडल्यावर त्याने प्लॅटफॉर्मवरच बूट काढले, तिथेच ठेवले आणि अनवाणी निघून गेला. निरोप घेण्याची ही रीत कुस्तीत जुनी आहे. अमेरिकेच्या रुलॉन गार्डनरनेही चारच दिवसांनी, त्याच ऑलिंपिकमध्ये, मॅटवर बूट सोडले. निकेआतलं सभागृह किती तरी वेळ थांबायलाच तयार नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दिमासचा सहकारी लेओनिदास सांबानिस याचं कांस्यपदक उत्तेजकांसाठी काढून घेतलं गेलं. आणि ४ सप्टेंबरला तिरानामध्ये अल्बानियाने नुकत्याच युरोपविजेत्या झालेल्या ग्रीसला फुटबॉलमध्ये २-१ हरवलं. विजय साजरा करणाऱ्या अल्बानियनांवर ग्रीसमध्ये ठिकठिकाणी हल्ले झाले, झाकिंथोस बेटावर एक तरुण भोसकून मारला गेला. ऑलिंपिकची ज्योत विझून आठवडाही झाला नव्हता.

उरलेलं अर्धं उत्तर २००८मध्ये बाहेर आलं. ग्रीक संघाचे ११ वेटलिफ्टर एकाच उत्तेजकासाठी पकडले गेले आणि दिमासपासून सांबानिसपर्यंत सगळ्यांना घडवणारे प्रशिक्षक ख्रिस्तोस याकोवू यांची कारकीर्द त्यात बुडाली. दिमासवर कुठलीही चाचणी कधी उलटली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. त्या दशकातल्या या खेळाबद्दल आज शपथेवर काही सांगणं अवघड आहे, हेही तितकंच खरं. संघटनेचा पडलेला वाडा उभा करायची जबाबदारी मात्र दिमासवर आली. तो अध्यक्ष झाला.

२०१२मध्ये तो पासोक पक्षातर्फे संसदेत गेला. पासोकची तेव्हा दाणादाण उडत होती, पेन्शन कापल्या जात होत्या, शिकलेली तरुण पिढी जर्मनीची विमानं धरत होती. त्या संसदेत ‘गोल्डन डॉन’ हा पक्षही होता, ज्याच्या लोकांच्या हातून रस्त्यावर स्थलांतरित मार खात होते. खासदार म्हणून दिमासची कारकीर्द लक्षात राहण्यासारखी नाही. २०१५मध्ये ती संपली. २०१७मध्ये अमेरिकेच्या वेटलिफ्टिंग संघटनेने त्याला तांत्रिक संचालक म्हणून बोलावलं आणि ग्रीसचा झेंडा धरणारा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा एकदा परदेशात कामाला गेला. या वेळी पासपोर्टवर व्हिसा होता.