समुद्राखालची बिऱ्हाडं

मी कॉमर्सचा पदवीधर आणि पेशाने बँकेतला कारकून. त्यामुळे इतिहासाचं पुस्तक हाती आलं की शौर्याची प्रकरणं बाजूला ठेवून मी आधी शेवटचे तक्ते उघडतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांचा तक्ता पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. सुमारे ४०,००० माणसं या बोटींवर गेली. त्यांतली तीस हजारांच्या आसपास परत आलीच नाहीत. चारांतले तीन बुडीत खात्यात! एवढ्या बुडिताला कुठल्याही ब्रँच मॅनेजरची दुसऱ्याच दिवशी उचलबांगडी झाली असती. इथला मॅनेजर होता अ‍ॅडमिरल डॉनिट्झ. मे १९४३ या एका महिन्यात त्याच्या चाळीसच्या वर बोटी गेल्या. एकीवर त्याचा धाकटा मुलगा पेटर होता. महिनाअखेर त्याने उत्तर अटलांटिकमधून माघार घेतली खरी, पण पुढे पुन्हा बोटी पाठवल्याच.

या बोटींतला संसार कसा होता म्हणता? नेहमीची बोट ६७ मीटर लांबीची, म्हणजे आपल्या लोकलचे तीन डबे, आणि रुंदीला चिंचोळी खोली. त्यात पंचेचाळीस-पन्नास माणसं. बिछाने थोडे, म्हणून एक पहाऱ्याला उठला की दुसरा त्याच्याच ऊबदार अंथरुणात शिरणार. अंघोळ नाही, दाढी नाही. वास मारायला कोलनवॉटर. पाव बुरशीने पांढरे होत. संडास दोन, पण निघताना त्यांतला एक खाण्याच्या सामानाने भरलेला. सामान संपेपर्यंत पन्नास जणांत एक! चाळीत जन्म काढलेल्यांना या रांगेचं मी काय वर्णन सांगू? बरं, खोल पाण्यात साखळी ओढायचीही सोय नाही. बाहेरचा दाब सगळं परत करतो. ही अडचण दूर करायला नव्या बोटींत खास यंत्र बसवलं. एप्रिल १९४५ मध्ये स्कॉटलंडजवळ यू-१२०६ या बोटीवर त्याच यंत्राचा घोळ झाला. समुद्र आत आला, खालच्या बॅटऱ्यांत शिरला, विषारी क्लोरीन सुटला. बोट वर आणावी लागली, तर वर विमानं टपलेली. शेवटी कप्तानाने स्वतःच ती बुडवली. संडासापायी लढाऊ जहाज गमावल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

हसून झाल्यावर पुढच्या पानावर मी अडलो. पुढच्या दालनात खलाशी टॉर्पेडोंच्या उशाशी झोपत. एकेक टॉर्पेडो सुटला की तेवढी जागा मोकळी होई आणि बिछाना पसरता येई. या बिचाऱ्यांना आता जरा पाय लांब करता येतील, असं माझ्याही मनात आलं. पण तो सुटलेला टॉर्पेडो जायचा कुठे?

१७ सप्टेंबर १९४०च्या रात्री असाच एक यू-४८ वरून सुटला आणि 'सिटी ऑफ बनारस'ला लागला. बाँबवर्षावातून वाचवायला ब्रिटनची नव्वद मुलं तिच्यातून कॅनडाला निघाली होती. सत्त्याहत्तर गेली. बोटीवरचे खलाशी बहुतेक आपल्याकडचे, 'लस्कर' म्हणत ते. त्या काळी कोकणातली, गोव्यातली कितीतरी माणसं इंग्रजी बोटींवर खलाशी नाहीतर खानसामे म्हणून जात. गोऱ्या खलाशाच्या मानाने पगार अगदीच तुटपुंजा. आणि त्या गार अटलांटिकमध्ये हे लोक भराभर गेले. एका होडीत मात्र सेहेचाळीस जण आठ दिवस तरंगत राहिले. सहा मुलगे, थोडे गोरे, बाकी बहुतेक लस्कर. शेवटी एका विमानाला ती होडी दिसली.

माझी कारकुनी नजर इथेही पगारपत्रकावर गेलीच. ब्रिटिश व्यापारी बोटींचा रिवाज असा, की बोट ज्या दिवशी बुडेल त्या दिवसापासून खलाशाचा पगार बंद. १९४१ मध्ये तो बदलला. ही बोट बुडाली १९४० मध्ये. म्हणजे रिवाजाप्रमाणे होडीतले ते आठ दिवस बिनपगारी.