रॅमची सावड

परवा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काकाजी, माझ्या कॉम्प्युटरमध्ये आठ जीबीची एक रॅम आहे. अजून एक आठची मिळतेय, पण वेगळ्या कंपनीची. दोन पट्ट्यांचं नवीन किट घ्यायचं तर फार महाग झालंय. टाकू का?"

जन्मभर मराठीचं व्याकरण शिकवलेल्या माणसाला असले प्रश्न विचारणारा आमच्या घरात हा एकच. कारण या बाबतीत मी एकदा चांगलाच पोळलो आहे, हे त्याला माहीत आहे. म्हटलं, "टाक, पण लगेच कामाला जुंपू नकोस. बाकीचं ब्लॉगवर लिहितो." म्हणून हा लेख. तो वाचेलच, तुम्हीही वाचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे शाळेतलं पुस्तकांचं कपाट आणि रॅम म्हणजे वर्गातला फळा. शिकवताना जे लागतं ते फळ्यावर लिहायचं. वीज गेली की फळा कोरा. फळा जितका मोठा, तितकं पुसापुशीचं काम कमी.

हा फळा आपल्याकडे सुरुवातीला केवढा होता? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने 'टिफ्रॅक' नावाचा संगणक घडवला. १९६० साली तो चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं बारसं झालं. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि एक शब्द ४० बिटांचा. एका बिटाला फेराइटची एक बारीक चुंबकीय कडी, आणि त्या कड्या मणी ओवावेत तशा तारांत ओवलेल्या. गुणाकार केला तर ८१,९२० बिट होतात, म्हणजे जेमतेम दहा किलोबाइट. तुम्ही वाचताय तो हा लेखसुद्धा युनिकोडमध्ये त्या स्मृतीत मावला नसता! (एक मात्र होतं. या कड्या वीज गेली तरी लिहिलेलं विसरत नसत.)

त्या काळी स्मृती त्या यंत्रापुरतीच घडवलेली असे. दुसरीकडची आणून जोडण्याचा प्रश्नच नव्हता.

१९६६ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सोपी युक्ती शोधली. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली आणि चुंबकीय कड्यांचे दिवस भरले. पण या नव्या स्मृतीत एक खोट होती. कपॅसिटरमधला भार गळतो, म्हणून त्याची सारखी उजळणी करावी लागते. माझ्या जुन्या संगणकातल्या रॅमला दर ६४ मिलिसेकंदांत सगळी उजळणी लागत असे. आमच्या पाढेवाल्या पोरांना निदान आठवडाभर तरी आठवायचं!

पुढे चिपा एका पट्टीवर बसवून विकण्याची पद्धत आली. १९८३ च्या सुमारास वँग लॅबोरेटरीजने अशी पट्टी आणली आणि रॅम वाढवणं म्हणजे खाचेत पट्टी दाबणं इतकं सोपं झालं. पेंटियमच्या काळात ७२ टाचण्यांच्या पट्ट्या जोडीनेच घालाव्या लागत. प्रोसेसरची वाट ६४ बिटांची आणि पट्टी ३२ बिटांची, म्हणून दोन हव्यातच. म्हणजे जोडीचा नियम जुनाच आहे.

मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालतात कशा? त्यामागे 'जेडेक' या संस्थेचे करार आहेत. रॅम बनवणाऱ्या कंपन्या तिथे एकत्र बसून माप, टाचण्या, व्होल्टेज, वेग ठरवतात. डीडीआर २००० साली, डीडीआर-२ २००३ साली, डीडीआर-३ २००७ साली, डीडीआर-४ २०१२ साली आणि डीडीआर-५ २०२० साली ठरली. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसूच नये म्हणून खाच मुद्दाम सरकवलेली असते. आपल्या शकुंतलेचा डबा मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळांवर चढत नसे, तसंच हे. इथे जबरदस्ती करायची नाही.

पिढी एकच असेल तर मात्र पुढचं काम एक छोटी चिप करते. प्रत्येक पट्टीवर ती असते आणि त्या पट्टीचा वेग, तिची सवड तीत लिहिलेली असते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड सगळ्या पट्ट्यांचं हे प्रगतिपुस्तक वाचतो आणि जिचा वेग सगळ्यात कमी, तिच्या चालीने सगळ्यांना चालवतो.

हे वाचलं तेव्हा मला बाबांची सावड आठवली. एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर आमचा एक बैल दगावला. शेजाऱ्याकडेही एकच उरलेला. दोघांनी सावड केली. आमचा बैल तरणा, त्यांचा म्हातारा. जोडी चालली, पण म्हाताऱ्याच्या चालीने. आणि बाबांनी ती पहिल्याच दिवशी तिफणीला जुंपली नाही. आधी दोन दिवस नुसत्या वखराला जुंपली. म्हणायचे, "वखर वाकडा गेला तर पुन्हा मारता येतो. तास वाकडा गेला तर वर्ष वाकडं जाते."

मी मात्र थेट तिफणीलाच जुंपली.

निवृत्तीनंतर घाटंजीत मी एक असेंबल्ड संगणक घेतला. डीडीआर-२ ची एक जीबीची रॅम. तीन वर्षांनी तो रखडायला लागला, तेव्हा एका जुन्या मशीनमधली दोन जीबीची पट्टी मिळाली. पितळी दिसणारे दात खोडरबरने घासले, पट्टी दाबली, पडद्यावर तीन जीबी दिसले. काय आनंद! त्याच आठवड्यात गावच्या घरचा अल्बम आणून सगळे फोटो स्कॅन केले, पेनड्राइव्हवरून संगणकात घेतले, पेनड्राइव्ह पुसला आणि अल्बम परत पाठवला.

मग निळा पडदा यायला लागला. ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते म्हणाले व्हायरस आहे. दोनदा विंडोज टाकून झालं. शेवटी दिवाळीत एक जुना विद्यार्थी भेटायला आला. म्हणाला, "सर, रॅम तपासली का?" त्याने सीडीवरून मेमटेस्ट लावून दिलं. सकाळी पाहतो तर पडदा लालभडक. गंमत म्हणजे एकेक पट्टी वेगळी लावली तर दोन्ही निर्दोष! प्रगतिपुस्तकं जुळली तरी एकाच तारांवर दोन वेगळ्या घडणीच्या पट्ट्या बसल्या की संकेत काठावर येतात आणि कधीतरी एखादा बिट उलटा वाचला जातो. किट म्हणून विकतात ती जोडी कंपनीने एकत्र चालवून पाहिलेली असते. जास्तीचे पैसे त्या चाचणीचे. नुसतं एकच नाव, एकच मॉडेल पाहून दुसरी आणली तरी आतल्या चिपा वेगळ्या निघू शकतात.

रॅमची चूक मोठ्याने बोलत नाही. फाइल कपाटात जाताना तीतून जाते आणि वाटेत बिघडते. माझे बरेच फोटो असे अर्धे राखाडी झाले होते. अल्बम पुन्हा मागवला, तर पावसाळ्यात त्याला वाळवी लागून गेलेली. बाबांचा पोळ्याच्या दिवशीचा, बैलजोडीसोबतचा एकच फोटो होता. त्यात आता त्यांचा फेटा, चेहरा आणि बैलांची सजवलेली शिंगं एवढंच आहे. खाली राखाडी.

तेव्हा बाळा, तुझ्यासाठी एवढंच. २०२५ च्या शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी रॅम उचलायला सुरुवात केली आणि भाव चढले, तेव्हा सावड करण्यात लाज नाही. पिढी एकच घे. व्होल्टेज पाहा. वेग वाढवणारी एक्सएमपीची सोय आधी बंद ठेव, साध्या वेगाने चालू दे. रात्रभर मेमटेस्ट लाव आणि एक जरी लाल ओळ आली तरी दुसरी पट्टी परत कर. आणि ते होईपर्यंत पोरांचे फोटो त्या मशीनवर हलवू नकोस, मूळ प्रत तर पुसूच नकोस.

असो. बाबांचा तो फोटो कुणा नातेवाइकाकडे असेल तर कृपया कळवा. मी घ्यायला येईन.