‘येरवड्याला ठेवलं’
* ‘येरवड्याला ठेवलं’ : तुरुंगात नव्हे, पुण्याच्या येरवडा येथील प्रादेशिक मनोरुग्णालयात. ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथेही अशी सरकारी रुग्णालये आहेत. बोलण्यातले ‘ठेवलं’ हे क्रियापद मुद्दाम बदललेले नाही, कारण अनेकांना तिथे खरोखरच ठेवून दिले जाई. स्किझोफ्रेनिया या मनोविकारावर पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५०च्या दशकात आले. पण भास-भ्रम ओसरल्यावरही न्यायला कोणी न आल्याने अनेक रुग्णांचे उभे आयुष्य वॉर्डातच गेले. नातलगांनी दिलेला पत्ता कधी खोटाच निघे. केवळ कुटुंब स्वीकारत नाही किंवा डोक्यावर छप्पर नाही, एवढ्यावरून कुणालाही रुग्णालयात राहायला लावता येणार नाही, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम १९ सांगते. अशांसाठी लागणारी निवासी घरे मात्र आजही फार तोकडी आहेत.