नसलेल्या देशाचं तिकीट

गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका मित्राचा फोन आला. टेलिग्रामवर त्याला थायलंडची ऑफर आली होती. काम डिजिटल मार्केटिंगचं, पगार दुप्पट, विमानाचं तिकीट कंपनीचं. म्हणाला, "अरे, सगळं चेक केलंय. वेबसाइट आहे, ऑफर लेटर आहे, एचआरशी व्हिडिओ कॉलसुद्धा झाला."

मला एकदम पोयाइस आठवलं.

१८२१ साली ग्रेगर मॅकग्रेगर नावाचा एक स्कॉटिश माणूस लंडनला परतला. बोलिव्हारच्या सैन्यात लढलेला, म्हणजे नाव तसं खरंच मोठं. त्याने सांगायला सुरुवात केली की मध्य अमेरिकेतल्या पोयाइस देशाचा मी राजा आहे. आजच्या होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या जमिनीचा एक कागद त्याच्याकडे होता. पण देश? देश नव्हताच!

तरी पुरावे भरपूर होते. साडेतीनशेहून जास्त पानांचं माहितीपुस्तक, जमीनविक्रीची ऑफिसं, झेंडा, चलनाच्या नोटासुद्धा. पुस्तकात सुपीक जमीन होती, सेंट जोसेफ नावाची राजधानीही होती. लोकांनी जमिनी घेतल्या, कष्टाचे पौंड देऊन पोयाइसच्या नोटा घेतल्या. सप्टेंबर १८२२ मध्ये लंडनहून एक जहाज निघालं, जानेवारी १८२३ मध्ये लीथ बंदरातून दुसरं. दोन्ही मिळून साधारण २५० माणसं, बायकापोरांसकट.

उतरले तर समोर नुसतं जंगल. मग पाऊस, मलेरिया, उपासमार. मे महिन्यात योगायोगाने एक जहाज तिथे आलं आणि उरलेल्यांना बेलिझला नेण्यात आलं. पण एकूण १८० च्या आसपास माणसं दगावली.

ही माणसं मूर्ख होती का? अजिबात नाही. त्यांनीही 'सगळं चेक केलं' होतं. फक्त पुस्तक, नोटा, ऑफिस हे सगळं एकाच माणसाकडून आलेलं. आपण कोडिंगवाले जाणतो, ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्ट लिहिल्या तर सगळ्या पास होणारच ना!

आणि फसलोय हे मान्य करणं त्याहून अवघड. जेम्स हेस्टी या प्रवाशाने तिथे दोन मुलं गमावली. परत येऊन त्याने पुस्तक लिहिलं आणि दोष दिला तो मॅकग्रेगरच्या सल्लागारांना, मॅकग्रेगरला नाही.

आता परत थायलंडकडे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता. थायलंडच्या नोकरीचं आमिष दाखवून आयटीतल्या मुलांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारला नेलं जात होतं आणि तिथे डांबून ठेवून राबवून घेतलं जात होतं. त्यांच्याकडून करून घ्यायचे काय, तर ऑनलाइन फसवणूक!

मी मित्राला एवढंच विचारलं, "यातला एकतरी पुरावा त्यांच्याबाहेरून आलाय का?" तो गप्प झाला. मग आम्ही सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव शोधलं. सापडलं नाही. एजंट म्हणत होता, "व्हिसा ऑन अरायव्हलवर या, पुढचं आम्ही बघतो." त्या व्हिसावर थायलंडमध्ये नोकरी करताच येत नाही. आम्ही बँकॉकच्या भारतीय दूतावासाला ईमेल करतोय हे कळल्यावर एजंटने नंबरच ब्लॉक केला.

मित्र चार दिवस खट्टू होता. पण इथेच होता.

तुमच्याकडे अशी ऑफर आली तर बॅग भरायच्या आधी हा एक प्रश्न विचारा. भेटू पुढच्या भागात!